रक्तानं केलेली चुगली

आमची छाया मागच्या पौषात गेली. एकावन वर्षाची होती. माया नवऱ्याची, बंडूजीची लहान बहीण. मी लगन होऊन तळेगावले आली तवा ती बारा वर्षाची होती, दोन वेण्या घालून माया मांगं मांगं फिरे. म्हून नातं नणंदेचं असलं तरी मले ती पोटच्या पोरीवानीच. तिच्या लॅबमधी तयार झालेली प्रेरणा म्हणे, काकू, मॅडमवर आमी सगळे लिवून राह्यलो, तुमीई लिवा. मले कुठचं लिवनं येते. पण रोशनीनं, माया पोरीनं, मोबाईल हातात देल्ला अन् म्हणे आई, तू जशी बोलतं तशीच टाइप कर. तसंच करून राह्यली.

गावात अजूनई लोकं इचारतात, पंचफुला, तुयी नणंद डॉक्टर होती न, मंग कधी सुई काऊन नाई मारे? गोळी काऊन नाई देल्ली कोणाले? मी सांगो, ती दवाखान्यातली डॉक्टर नाई, ती रक्ताच्या आतलं पायते. आतलं म्हंजे काय, ते मलेई दहा वर्ष सांगता नाई आलं.

सुरुवात कशी झाली ते मले मालूम हाये. आमचं घर भाजीपाल्याचं. इहिरीवर पाऊण एकर पालक, मेथी, सांबार म्हंजे कोथिंबीर, वांगे. बाजाराच्या दिवशी जुड्या बांधाव्या, टोपल्या भराव्या, बाजारात बसावं. सासूबाईचे तोंडाचे दोन्ही कोपरे कायम फाटलेले. भाकरीचा घास घेतला का आग आग होये. जीभ लाल लाल. मंग लोणी लावा, तूप लावा. गावातल्या अर्ध्या बायाईचं तसंच. कोणाले त्यात नवल नोतं. बाईचं तोंड फाटतेच, असंच वाटे आमाले.

छाया नवव्या वर्गात असन. सासूबाईच्या पुढं बसली अन् म्हणे, "माय, बाबाचं तोंड काऊन नाई फाटत?"

सासूबाई म्हणे, "त्याच्या तोंडाले कायचा तरास, नुसतं खाते अन् झोपते."

आमी सगळे हासलो. छाया नाई हासली. दुसऱ्या दिवशी तिनं वहीत लिवलं, कोणत्या कोणत्या घरच्या बायाईचं तोंड फाटते अन् माणसाईचं नाई. सोळा घरं लिवलते. मले वाटलं पोरीले खूळ लागलं.

तेच खूळ तिले आर्वीच्या कॉलेजात घेऊन गेलं. रोज यष्टीनं जाये अन् येये. मंग नागपूर. सासरे म्हणत, आता बस झालं, पोरगं पाहू. बंडूजी आडवे झाले. म्हणे, "बाबा, तिले शिकू द्या. तिचं डोकं आपल्या सगळ्याइचं मिळून हाये." लगन तिनं केलंच नाई. इचारलं का म्हणे, वहिनी, मायं लगन या बी-दोनशी लागलं. बी-दोन म्हंजे ते जीवनसत्त्व ज्याच्यापायी तोंड फाटते. त्याच्यावर अन् रक्तातल्या एंझाइमवर तिनं सारी जिंदगी काढली.

मी एक डाव नागपूरले तिच्या लॅबात गेलती. दोन हजार सातची गोष्ट असन. तिनं मले एका अंधाऱ्या खोलीत नेलं. सगळ्या शिशा काळ्या कागदात गुंडाळलेल्या. मी म्हणलं, "अवो, शिशाईले नजर लागते काय?"

म्हणे, "उजेड लागते. बी-दोनले उजेड सोसत नाई, मरते ते. म्हून अंधारात ठेवाव लागते."

मंग तिनं एक काचेची नळी काढली. आत पाण्यावानी पातळ पिवळं कायतरी, हळदीचा हात धुतल्यावर पाणी होते न, तसं. तिनं जांभळा दिवा लावला. अन् बाप्पा! ती नळी पेटली. आग नाई, धूर नाई, हिरवा पिवळा उजेड नळीच्या आतूनच निघून राह्यला. काजवा मुठीत धरल्यावानी. मी दोन पाय मांगं सरली. हात जोडले गेले माये, खरं सांगतो.

"हे काय वो?"

"हेच बी-दोन. तुया पालकात हाये, म्हशीच्या दुधात हाये. तुया रक्तातई हाये, थोडंसं."

"माया रक्तात हे असं पेटते?"

"सगळ्याइच्या. फक्त कोणाच्या कमी, कोणाच्या जास्त."

मी घरी येस्तोवर यष्टीत आपल्या हाताकडंच पायत होती. हातावर घट्टे, नखात माती, अन् आतमधी तसं उजेडाचं कायतरी. बंडूजीले सांगतलं तर म्हणे, "मंग आता लाइट गेली का तुलेच उभी करतो अंगणात."

एंझाइम म्हंजे काय तेई तिनं त्याच दिवशी सांगतलं. बाकीच्याइले ती इंग्रजीत सांगे, मले निंदनाचं सांगतलं. म्हणे, "समज वहिनी, तुया वावरात वीस बाया निंदाले आल्या. पण खुरपे बाराच. तर बारा निंदतात, आठ जणी बांधावर बसून राह्यतात. एंझाइम म्हंजे ह्या बाया. बी-दोन म्हंजे खुरपं. मी काय करतो, नळीत रक्त घेतो, पायतो किती काम होऊन राह्यलं. मंग वरून मुठभर खुरपे टाकतो, म्हंजे बी-दोन टाकतो. काम एकदम वाढलं तर समजावं, का बांधावर बऱ्याच जणी रिकाम्या बसल्या होत्या. त्या बाईच्या अंगात बी-दोन कमी. काम वाढलंच नाई तर सगळ्याइच्या हाती खुरपं आधीच होतं."

मी चौथी शिकलेली. पण त्या दिवशी मले समजलं. अन् मले वाटलं का जी पोरगी डोळ्याले दिसत नाई अशा मजुराईची हजेरी घेते, ती काय साधी हाये?

आता ते सांगतो ज्याच्यासाठी लिवाले बसली.

दोन हजार दहामधी तिले पयल्यांदा स्वतःचा अभ्यास भेटला. आधी ती दुसऱ्याच्याच हाताखाली काम करे. आता साठ बायाईचं रक्त घ्याचं, अन् दाखवाचं का ज्या बाया भाजी पिकवतात, दूध काढतात, त्याइच्याच अंगात बी-दोन कमी. काऊन का भाजी बाजारात जाते, दूध डेअरीत जाते, अन् बाई काळा चहा अन् भाकर खाते. हे निघालं तर पुढं तीन वर्षाचं मोठं काम तिच्याच नावानं होणार होतं. तिनं गाव कोणतं निवडलं? आपलंच. म्हणे, माय गेली फाटलेल्या तोंडानं, मले तिच्याच गावातून सुरू कराव लागन.

दिवाळीच्या आधी आली अन् मले म्हणे, "वहिनी, साठ बायाईचे नावं काढून ठेव. डिसेंबरात येतो रक्त घ्याले." एवढंच म्हणे. तारीख सांगून गेली.

मी घरोघरी फिरली. बाया तयारच होत्या, छाया सगळ्याइचीच होती. पण एक जण म्हणे, "अवो पंचफुला, नागपूरचे साहेब पायतीन. आपल्या घरच्या बाईचं रक्त कमी निघालं तर? गावाचं नाक कटन. म्हणतीन, घरी बाईले खाले नाई देत." दुसरी म्हणे, "छायाचीई फजिती होईन न, तिचंच गाव असं निघालं तर."

अन् मले ते पटलं. आपल्याइकडं पोरगी पायाले पाव्हणे येणार असले का आठ दिवस आधी भिंती सारवतो, शेजारचे कपबशा आणतो. भरलेलं घर दाखवतो. मीई तेच केलं. छाया मले मांगं सांगूनच गेलती का बी-दोन दुधात हाये, पालकात हाये. मी सगळ्याइले सांगतलं, आजपासून दूध डेअरीले कमी, घरी जास्त. बाईनं दोन टायमाले गिलासभर प्याचंच. पालक बाजारात कमी न्या. बाप्पा, काय त्या सव्वा महिन्यात गावात दूध पेलं बायाईनं! एका माणसानं मले रस्त्यात अडवलं, म्हणे वहिनी, तुमच्या नणंदेपायी मले आता काळा चहा पेव लागून राह्यला. मी म्हणलं, बावीस वर्ष तुमची बाई पेली, तुमाले सव्वा महिना जड होऊन राह्यला?

मले लय अभिमान वाटे. वाटे, छायासाठी गाव सजवलं मी.

डिसेंबरात ती आली. संगं ही प्रेरणा, तवा पोरगीच होती, नुकतीच कामाले लागलेली. शाळेच्या खोलीत टेबल मांडलं. बर्फाचा डबा, काळे कागद. बाया नव्या लुगड्यात, केसाले तेल लावून रांगेत. शोभाबाई सगळ्यात पुढं. ती एकटीच राह्यते, दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाते. नळीत रक्त पाहून म्हणे, "अवो छाया, एवढं काढून राह्यली! तुयापेक्षा मच्छर बरा, थोडंसंच घेते."

छाया म्हणे, "मच्छर नाव लिवून नाई घेत काकू, मी लिवून घेतो."

सारी खोली हासली. मीई हासली. अन् छायानं इचारलं, "काकू, रोज काय खाता?" तर सगळ्या जणीइनं एकच सांगतलं, "नेहमीचंच." मीच शिकवलंतं तसं सांगाले.

फेब्रुवारीत ती परत आली. एकटीच. न सांगता. मी इहिरीवर जुड्या बांधत होती. ती येऊन बाजूले बसली, एक जुडी बांधली, अन् म्हणे, "वहिनी, दिवाळीनंतर तुमी काय केलं?"

मी म्हणलं, "काई नाई केलं. काऊन?"

"खरं सांग."

"नाई वो, काय करणार आमी."

तिनं माया तोंडाकडं पायलं नाई. जुडी बांधत बांधतच बोलली. "चोपन जणीइचं रक्त भरलेलं हाये. वरून खुरपे टाकले तरी काम वाढत नाई. सहा जणीइचं एकदम खाली. मधातली एकई नाई. खरी वस्ती अशी नसते वहिनी, थोडं कमी, थोडं जास्त, अशी असते. हे तर कोणीतरी चोपन वाफ्याले पाणी देल्लं अन् सहा वाफे सुटले, तसं हाये." दुसरी जुडी उचलली. "दूध सुरू केलं तुमी. महिन्याच्या वर. अन् त्या सहा जणीइच्या घरी म्हस नाई. बराबर?"

माया हातातून जुडी पडली. दिवाळीपासून रक्त घेईस्तोवर ती गावात आलीच नोती. कोणी तिले फोन नाई केलता. दोन थेंब रक्तानं तिले सारं सांगतलं, गावानं काय पेलं, किती दिवस पेलं, अन् कोणाले नाई भेटलं. देवापुढं खोटं बोललं तर एखाद डाव चालून जाते. पण हे रक्त, हे माया अंगात राहून मायीच चुगली करते!

अन् त्याच्याऊन जास्त लागली ती सहाची गोष्ट. मी साठ घरं फिरली. शोभाबाईच्या दारातई उभी राह्यली, म्हणलं गिलासभर पेत जाय. तिनं मान हलवली. तिच्या घरी दूध कुठून येणार, हे माया मनातच नाई आलं. माया डोळ्याले नाई दिसलं ते नागपूरच्या नळीत दिसलं.

मी सगळं सांगून टाकलं. रडली. छाया म्हणे, "चूक मायी हाये. तुमी मायावरच्या पिरमापायी काय करान, हे मी आधी इचाराले पायजे होतं."

मी म्हणलं, "आमी बंद करतो दूध. तीन महिन्यानं पुन्हा घे रक्त. मंग तुले पायजे तसं निघन." मी बायाईलेई इचारून आली. सगळ्या तयार. एक तर म्हणे, छायासाठी काय, दूध सोडणं कोणती मोठी गोष्ट हाये. प्रेरणा सांगते, तिच्या मोठ्या सराइनंई हेच सांगतलं होतं, पुन्हा घ्या, कोण पायते.

छाया नाई म्हणे. माया चुलीपुढं बसून म्हणे, "वहिनी, ज्या बाईच्या हाती पयल्यांदा गिलास आला, तो मी माया हातानं खाली करू? माया कागदासाठी?"

"अवो, पण तुयं काम?"

"काम होईन कधीतरी."

जाच्या आधी ती चोपनही घरी गेली. एकेकीले सांगतलं, काकू, तुमचं रक्त चांगलं हाये, कायनं झालं ते तुमाले मालूम हाये, सोडू नका. त्या सहा घरी गोळ्या घेऊन गेली, किती दिवस खायच्या ते सांगतलं. कोणाले रागावली नाई. आर्वीची यष्टी धरली अन् गेली.

दूध सगळ्याइनं नाई चालू ठेवलं. खोटं कायले सांगू. होळीपर्यंत अर्ध्या घरचं पुन्हा डेअरीत गेलं. माया घरचंई.

मले वाटे का तिचं काई बिघडलं नाई. ती नागपुरात होतीच, लॅबात जाये, दिवाळीले येये, रोशनीसाठी पुस्तकं आणे. मी कधी कधी इचारो, "तुया त्या अभ्यासाचं काय झालं वो?" म्हणे, "चालू हाये." मंग पालकाचं काय भाव इचारे.

तेरवीच्या दिवशी प्रेरणा आली. आता तिची स्वतःची लॅब हाये, डोक्यात पांढरे केस आले. मायाजवळ बसून म्हणे, "काकू, तुमाले मालूम हाये का, मॅडमनं त्या वेळेस अहवालात काय लिवलं?" मले काय मालूम. ती म्हणे, मॅडमनं साफ लिवलं का बायाइनं आधी दूध पेलं, म्हून हे आकडे वापरता येत नाई, अन् याची जबाबदारी मायीच, असंई लिवलं. तुमचं नाव नाई लिवलं, गावाचं नाई लिवलं. मंग ते तीन वर्षाचं काम दुसऱ्याले भेटलं. मॅडमले पुन्हा कधी स्वतःचा अभ्यास भेटलाच नाई. चौदा वर्ष तिनं दुसऱ्याइच्याच अभ्यासाचं रक्त तपासलं. कोणकोणत्या गावाऊन नळ्या येत बर्फात, अन् लोकं म्हणत, हे एंझाइम मोजाचं तर छाया मॅडमच्याच हातानं मोजा. तो आकडा चुकत नाई.

चौदा वर्ष. चौदा दिवाळ्या ती माया हातचं जेवली. एका शब्दानं नाई बोलली.

मी त्या दिवशी जेवली नाई. बंडूजी म्हणे, तिले जर तुले सांगाचं असतं तर सांगतलं असतं, आता कायले जीव जाळतं. पण मले रडण्याऊन जास्त नवल वाटून राह्यलं होतं. एवढं मोठं पोटात ठेवाले माणूस कायचं बनलं पायजे? त्याची काई नळी असन का, काई दिवा असन का, ज्याच्यात ते दिसन?

प्रेरणा जाताना म्हणे, "काकू, मी मॅडमचा तोच अभ्यास पुन्हा मांडला हाये. मंजुरी भेटली. तळेगावच घेऊ म्हणतो. तुमी बाया जमवान का?"

मी म्हणलं, "माया भरवशावर राह्यतं तू? मी तर पुरा नास केलता."

म्हणे, "म्हूनच तुमी पायजे."

ज्येष्ठात पुन्हा घरोघरी फिरली मी. आता गुडघे दुखतात. सुरुवात त्या सहा घराइपासून केली. दोन घरं बंद झाले, माणसं गेली. चार हायेत. या खेपेस मी काय सांगतलं मालूम हाये? म्हणलं, बाया हो, घरी जे खाता तेच खा. लाज वाटली तरी तेच खा. अन् इचारलं तर तेच सांगा. छायाचं काय झालं, तेई सांगतलं. मीच केलं, असंई सांगतलं. कोणी पदर डोळ्याले लावला. एक म्हातारी म्हणे, मंग आता आमाले बोल लागन का? म्हणलं नाई, खोटं सांगतलं तर लागन.

शोभाबाई अंगणात तांदूळ निवडत बसलती. ऐंशीच्या घरात गेली, ऐकू कमी येते, जीभ मात्र तशीच. माया बोलणं ऐकून घेतलं अन् म्हणे, "मले कायले शिकवतं वो पंचफुला? मायं रक्त तर मांगच्या खेपेसई खरंच बोललं होतं."

मी तिच्या बाजूले बसून तांदूळ निवडू लागली.

परवा बुधवारी सकाळी प्रेरणा आली. तीच शाळा, खोली नवी बांधली. बर्फाचा डबा, काळे कागद. एकेचाळीस बाया जमल्या. प्रेरणा म्हणे पयले कोण? कोणी पुढं होये ना. जो तो दुसरीच्या मांगं. मी पुढं गेली अन् बसली. बाही वर केली.

"काकू, काल दिवसभर काय खाल्लं?"

सगळ्या माया तोंडाकडं पायून राह्यल्या. रोशनीई होती, मायी सूनई होती. मी जोरात सांगतलं, मांगच्या बाईलेई ऐकू गेलं पायजे असं.

"सकाळी काळा चहा. दुपारी भाकर अन् मिरचीचा ठेचा. संध्याकाळी भाकर अन् वरण. पालक बाजारात नेला, घरी नाई केला. दूध नाई पेली. सहा महिन्यात नाई पेली."

प्रेरणानं लिवलं. सुई टोचली. नळी भरली, तिनं लगेच काळ्या कागदात गुंडाळली.

मी उठली तर दुसरी बाई येऊन बसली. प्रेरणानं इचाराच्या आधीच ती बोलू लागली.